नागपूर ते यवतमाळ: मॅप्समध्ये वाटेतले थांबे कसे टाकायचे?

नागपूरहून यवतमाळला निघालात की वाटेत विनोबांचा पवनार आश्रम, सेवाग्रामची बापूकुटी आणि कळंबचा चिंतामणी गणपती एकाच दिवसात पाहून होतात. गुगल मॅप्समध्ये यवतमाळचा रस्ता काढा, वरच्या तीन टिंबांवर टॅप करून ‘ॲड स्टॉप’ निवडा आणि एकेक ठिकाण टाका. क्रम मात्र ॲप स्वतः लावत नाही. पवनार, सेवाग्राम, कळंब, शेवटी यवतमाळ असा बोटाने ओढून तुम्हीच लावायचा. नाहीतर उलटा फेरा पडेल.

आणि हो, स्क्रीनवर दिसतो तो वेळ फक्त गाडी चालवण्याचा. तिन्ही ठिकाणी पाऊण-पाऊण तास थांबणार असाल, तर त्यात सव्वादोन तास मिळवा आणि मगच निघायची वेळ ठरवा. म्हणजे कळंबला पोहोचेपर्यंत अंधार पडणार नाही.