वाटेंत फुटलेल्या मालाची भरपाई

दूरच्या गिऱ्हाइकानें माल डोळ्यांनीं न पाहतां मागवावा आणि व्यापाऱ्यानें गिऱ्हाइकाचें तोंड न पाहतां तो धाडावा, ही रीत महाराष्ट्रास नवी नाहीं. व्हॅल्यू पेएबलची, म्हणजे जुन्या पिढीच्या परिचयाची व्ही. पी.ची पद्धति भारतीय टपालखात्यानें १८७७ सालीं सुरू केली आणि पुस्तकें, औषधें, घड्याळें यांचा व्यापार गांवोगांवच्या टपालकचेरीपर्यंत जाऊन पोंचला. ऑनलाइन विक्री हें त्याच व्यापाराचें आजचें रूप होय. मागणी क्षणांत येते, पैसेहि क्षणांत मिळतात. परंतु माल मात्र अजून खोक्यांतून, गाड्यांतून आणि अनेकांच्या हातांतूनच जातो. म्हणून जुना प्रश्नहि तसाच उरतो: वस्तु वाटेंत फुटली तर नुकसान कोणाचें?

नवी मुंबईंतील तुर्भे येथें हा प्रश्न रोजच्या व्यवहाराचा आहे. एका बाजूस औद्योगिक वसाहत व तेथील गोदामें, तर दुसऱ्या बाजूस मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीचे मसाला, धान्य, फळें आणि कांदा-बटाटा यांचे बाजार. समजा, मसाला बाजारांतून मिरची, मोहरी, मेथी आणून घरीं लोणचें घालणारी एखादी गृहिणी तें चिनी मातीच्या बरण्यांतून नागपुरास धाडते. दोन बरण्यांची किंमत १,८०० रुपये आणि वाहतुकीचा खर्च ९० रुपये धरावा. नागपुरास खोका उघडला तों दोन्ही बरण्या फुटलेल्या. आतां गिऱ्हाईक गृहिणीकडे पैसे मागतें. गृहिणी कुरिअरवाल्याकडे बोट दाखविते. आणि कुरिअरवाला पावतीच्या पाठीवरील बारीक अक्षरांकडे.

या गोंधळाचें मूळ एकच आहे. येथें वस्तुतः दोन निरनिराळे करार असतात आणि ते एकच समजले जातात. पहिला गिऱ्हाईक व विक्रेता यांच्यामधील. दुसरा विक्रेता व वाहतूकदार यांच्यामधील. वाहतूकदार निवडला विक्रेत्यानें, पावती विक्रेत्याच्या नांवाची, खोका बांधला तोहि त्यानेंच. मग दुसऱ्या करारांतील भांडण मिटेपर्यंत पहिल्या करारांतील माणसानें ताटकळत कां बसावें?

१९३० च्या माल-विक्री कायद्यांत वाहतूकदाराच्या हातीं दिलेला माल सामान्यतः गिऱ्हाइकास दिल्यासारखाच मानला आहे. परंतु त्याच ३९ व्या कलमांत अशीहि अट आहे कीं, मालाचें स्वरूप लक्षांत घेऊन विक्रेत्यानें वाहतूकदाराशीं वाजवी करार केला पाहिजे. त्यांत त्यानें कसूर केली आणि माल बिघडला तर गिऱ्हाईक त्यास जबाबदार धरूं शकतें. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीं गिऱ्हाइकाची बाजू अधिक बळकट केली. सदोष किंवा जाहिरातींतील वर्णनाशीं न जुळणारा माल परत घेण्यास अथवा त्याचे पैसे परत देण्यास विक्रेत्यास नकार देतां येत नाहीं. तक्रारीची पोंच ४८ तासांच्या आंत द्यावी आणि एका महिन्यांत निवारण करावें, असेंहि त्यांत सांगितलें आहे. फुटून आलेली बरणी ही चित्रांत दाखविलेली बरणी नव्हे, हें सांगण्यास वकील नको. गिऱ्हाइकाचें समाधान न झाल्यास १९१५ या क्रमांकाची राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि पुढें जिल्हा आयोग हे मार्ग त्यास मोकळे आहेत.

आतां दुसरा करार. टपालखात्याच्या बाबतींत १८९८ च्या कायद्याचें धोरण स्पष्ट होतें: स्वतः होऊन पत्करलेल्या जबाबदारीपलीकडे सरकार नुकसानीस बांधलेलें नाहीं. विमा उतरविलेल्या पार्सलास मात्र विम्याच्या रकमेपर्यंत, आणि तीहि प्रत्यक्ष हानीहून अधिक नाहीं, अशी भरपाई मिळे. १८ जून २०२४ पासून त्याची जागा २०२३ च्या टपाल कायद्यानें घेतली. तरी नियमांनीं ठरवून दिलेल्या मर्यादेपुरतीच जबाबदारी, हें तत्त्व त्यानेंहि राखलें आहे. जुन्या कायद्याखालीं १९९९ सालीं ठरलेली स्पीड पोस्टची भरपाई टपालहशिलाच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांपैकीं जी कमी असेल ती, एवढीच होती. या हिशेबानें वरील बरण्यांचे १८० रुपये होतात.

खासगी कुरिअरला २००७ चा रस्ता-वाहतूक कायदा लागू पडतो. तो १ मार्च २०११ रोजीं अंमलांत आला. त्यांत वाहतूकदाराचा हलगर्जीपणा सिद्ध करण्याचा बोजा माल धाडणारावर टाकलेला नाहीं, ही मोठीच सवलत होय. परंतु अधिक किंमत आधीं जाहीर केली नसेल तर भरपाई वाहतूक-खर्चाच्या दसपटीपुरतीच मर्यादित राहते; बरण्यांच्या बाबतींत ती ९०० रुपये होईल. शिवाय माल नोंदविल्यापासून १८० दिवसांच्या आंत लेखी नोटीस दिली नाहीं तर दावाच चालत नाहीं. सही केलेल्या पावतीवरील अटींचें वजन किती असतें, हें १९९६ सालीं सर्वोच्च न्यायालयापुढें आलेल्या ‘भारती निटिंग कंपनी विरुद्ध डी. एच. एल.’ या खटल्यांत दिसून आलें. जर्मनीस धाडलेलीं कागदपत्रें पोंचलीं नाहींत आणि नुकसान मोठें झालें. परंतु पावतीवर सही झालेली असल्यामुळें तींत लिहिलेले १०० डॉलर एवढीच भरपाई न्यायालयानें मान्य केली.

तात्पर्य, गिऱ्हाइकास द्यावयाचे १,८०० आणि वाहतूकदाराकडून मिळणारे १८० किंवा ९०० यांतील अंतर विक्रेत्यानेंच सोसावयाचें असतें. तें दैवावर सोंपवूं नये. किंमती माल असेल तर नोंदणीच्या वेळींच खरी किंमत लिहून विमा उतरवावा. किरकोळ मालासाठीं घरचाच विमा करावा: पन्नास खोक्यांत एक फुटतो असा अनुभव असेल, तर प्रत्येक संचामागें ३६ रुपये बाजूस टाकले कीं पन्नासाव्या खेपेस १,८०० रुपये हाताशीं असतात.

पुरावाहि वेळेवरच गोळा होतो. बांधण्यापूर्वीं वस्तूचें, बांधल्यावर खोक्याचें छायाचित्र घ्यावें. वजन लिहिलेली पावती जपावी. बरणीभोंवतीं चोहोंकडून भरण असावें आणि खोका हलविला असतां आंत कांहीं खळखळूं नये. गिऱ्हाइकास पहिल्याच पत्रांत सांगावें कीं, खोका फुटका दिसल्यास त्याच दिवशीं बाहेरचें व आंतलें छायाचित्र धाडावें आणि पुठ्ठा टाकून देऊं नये. फुटक्या बरणींतील लोणचें मात्र चाखूंहि नये, हें आवर्जून लिहावें. कपचीचा धोका पैशांत मोजतां येत नाहीं. फुटका माल परत मागविण्याचा हट्टहि धरूं नये.

हापुस आंब्याची गोष्ट निराळी. पेंढ्यांत बसविलेला आंबा वाटेंतच पिकत असतो. उशीर झाला तर तो आपल्या धर्मानें नासतो. नाशवंत मालाची जबाबदारी बहुतेक वाहतूकदार अटींतूनच वगळतात. म्हणून असा माल दूर धाडतांना किती दिवस लागतील आणि किती फळें नासल्यास काय दिलें जाईल, हें गिऱ्हाइकाशीं आधींच ठरलेलें बरें.

खोटी तक्रार करणारें गिऱ्हाईक क्वचित् भेटेल. त्याच्या भयानें प्रत्येकाकडे संशयानें पाहणें महागांत पडतें. छायाचित्र मिळालें कीं पैसे किंवा नवी बरणी द्यावी, आणि मग पावती, वजन व लेखी नोटीस घेऊन वाहतूकदाराशीं आपला हिशेब सावकाश पुरा करावा. नागपूरच्या घरानें वाहतूकदाराचें नांव लक्षांत ठेवलेलें नसतें. पुढल्या उन्हाळ्यांत लोणचें कोणाकडून मागवावयाचें, एवढेंच तें लक्षांत ठेवतें.