अंगणातील हिरवळ : उगवलेली आणि अंथरलेली

घरापुढे हिरवळ असावी ही इच्छा काही आजची नाही. आजची आहे ती हिरवळ गुंडाळी करून दुकानातून आणण्याची सोय. नागपूरच्या बाजारात कृत्रिम गवत आता गालिच्याप्रमाणे चौरस फुटाच्या भावाने मिळते. नवे घर बांधणाऱ्यांच्या तोंडी 'पुढे फरशी बसवायची की गवत टाकायचे?' असा प्रश्न ऐकू येतो. ह्यातील 'टाकायचे' हे क्रियापद मोठे बोलके आहे. गवत आजवर उगवत असे, फार तर लावले जात असे; आता ते टाकले जाते. ह्या टाकलेल्या गवताचे गुण कोणते, दोष कोणते, आणि आपल्या बोरगाव-सौसर-पांढुर्ण्याच्या मातीत व उन्हात त्याला जागा कोठे द्यावी, ह्याचा थोडा विचार आम्ही येथे करणार आहोत.

प्रथम वस्तूची ओळख करून घेऊ. कृत्रिम गवताची पाती बहुधा पॉलिएथिलीन, पॉलिप्रॉपिलीन किंवा नायलॉन ह्यांची असतात. ही पाती शिवणयंत्रासारख्या यंत्राने एका प्लास्टिकच्या विणलेल्या पाठीत ओवतात आणि ती निघू नयेत म्हणून खालून लॅटेक्स किंवा पॉलियुरेथेनचा लेप देतात. पाणी निघून जावे म्हणून पाठीला ठराविक अंतरावर भोके ठेवतात. पाती उभी राहावीत म्हणून त्यांच्या बुडाशी बारीक वाळू पसरतात. खेळाच्या मैदानांवर वाळूबरोबर रबराचा दाणाही घालतात. म्हणजे आपण ज्यास गवत म्हणतो तो वस्तुतः एक जाड केसांचा गालिचा होय. हे त्याला कमी लेखण्यासाठी म्हणत नाही. गालिचा ही उपयुक्त वस्तू आहे. मात्र ती कोठे अंथरावी ह्याचे काही शास्त्र असते.

ह्या गालिच्याचा जन्मवृत्तांत मनोरंजक आहे. शहरातील मुलांना खेळावयास मऊ जमीन मिळत नाही, ही अडचण दूर करण्याच्या हेतूने अमेरिकेत त्याचे प्रयोग सुरू झाले आणि १९६४ साली ऱ्होड आयलंड राज्यातील प्रॉव्हिडन्स गावच्या मोझेस ब्राउन शाळेत तो पहिल्याने अंथरला गेला. शाळेतच त्याचा पाळणा हलला, असे म्हणावयास हरकत नाही. पण त्याला कीर्ती मिळवून दिली ती टेक्सास राज्यातील ह्यूस्टन शहराच्या प्रचंड छताच्या क्रीडागृहाने. १९६५ साली उघडलेल्या ह्या 'ॲस्ट्रोडोम'मध्ये आरंभी खरे गवत लावले होते. छताच्या पारदर्शक तावदानांतून येणाऱ्या प्रखर उजेडात खेळाडूंना चेंडू दिसेना, म्हणून तावदानांना रंग दिला. उजेड अडला, चेंडू दिसू लागला. पण गवत मेले. तो हंगाम मेलेल्या गवताला व मातीला हिरवा रंग फासून कसाबसा पार पाडण्यात आला, आणि १९६६ साली मॉन्सँटो कंपनीचे कृत्रिम गवत तेथे अंथरले गेले. त्या वास्तूवरून त्याला 'ॲस्ट्रोटर्फ' हे नाव पडले. जेथे सूर्यप्रकाश पोहोचत नाही आणि म्हणून गवत जगूच शकत नाही, अशा ठिकाणची अडचण भागविण्यासाठी ही वस्तू नावारूपास आली, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. पुढील सारा विचार तिच्यापाशीच येऊन ठेपतो.

आपल्या देशाला ह्या गवताची ओळख झाली ती काहीशी कडू झाली. १९२८ पासून १९७२ पर्यंतच्या प्रत्येक ऑलिंपिकमध्ये भारताने हॉकीत पदक मिळविले होते आणि १९७५ साली विश्वचषकही जिंकला होता. १९७६ साली माँट्रियल येथे ऑलिंपिकची हॉकी पहिल्यानेच कृत्रिम मैदानावर खेळली गेली आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. ह्या पराभवाची कारणे एकाहून अधिक असतील. तथापि नैसर्गिक गवतावर चेंडू काठीला चिकटवून नाचविण्याची आपली कला त्या सपाट, वेगवान मैदानावर पूर्वीइतकी चालली नाही, हे सर्वमान्य आहे. १९८० साली मॉस्को येथे आपण सुवर्णपदक मिळविले खरे, परंतु त्यानंतरचे हॉकीचे पदक मिळावयास २०२१ साल उजाडावे लागले. टोकियो येथे कांस्यपदक मिळविणाऱ्या त्या संघात आपल्याच राज्यातील, इटारसीकडचा विवेक सागर प्रसाद होता. आज कृत्रिम मैदानावाचून मोठी हॉकी संभवत नाही. तेथे त्याची उपयुक्तता निर्विवाद आहे. एक गोष्ट मात्र पुष्कळांस ठाऊक नसते : हॉकीच्या अशा उत्तम मैदानांवर सामन्यापूर्वी पाण्याचे फवारे मारून ते ओले करतात. 'ह्या गवताला पाणी लागतच नाही' हे विधान सर्वत्र खरे नाही, ते असे.

आता घराकडे वळू. कृत्रिम गवताच्या बाजूने जे बोलले जाते त्यातील बहुतेक गोष्टी खऱ्या आहेत. ते कापावे लागत नाही. त्यास खत नको, निंदणी नको. पावसाळ्यात पायांना चिखल लागत नाही. घरातील माणसे वृद्ध असली, किंवा सर्वजण दिवसभर कामावर जाणारी असली, तर ही सोय लहान नव्हे. आणि पाण्याचा मुद्दा तर आपल्या भागात फारच वजनदार आहे. वीस फूट लांब व दहा फूट रुंद एवढीच हिरवळ धरली, आणि कडक उन्हाळ्यात तिला रोज ५ मिलिमीटर पाणी द्यावयाचे ठरविले, तर दिवसाला सुमारे ९० लिटर पाणी लागते. एप्रिलच्या आरंभापासून मृगापर्यंत सुमारे ७५ दिवस धरले तर हा हिशोब सात हजार लिटरांच्या आसपास जातो. ज्या तालुक्यांत आंबिया बहाराची कोवळी संत्री झाडावर टिकावीत म्हणून शेतकरी मे महिन्यात विहिरीच्या तळाकडे डोळे लावून बसतो, तेथे शोभेच्या गवतावर हे पाणी ओतणे कोणालाही रुचणार नाही. सीमेपलीकडील वरूड-मोर्शी भागात भूजलाच्या अतिउपशाने काय परिस्थिती आली आहे, हे आपल्यापैकी अनेकांनी नात्यागोत्याच्या निमित्ताने जवळून पाहिले आहे. म्हणून 'पाणी वाचविण्यासाठी कृत्रिम गवत' असे म्हणणाऱ्याला हसण्यावारी नेता येत नाही.

परंतु मे महिन्याचे नाव निघालेच आहे, तर त्याच महिन्यात ह्या गवतावर अनवाणी पाऊल ठेवून पाहावे.

जिवंत गवत आपल्या पानांतून सतत पाण्याची वाफ सोडीत असते. ह्या वाफेबरोबर उष्णता निघून जाते. माठातील पाणी ज्या कारणाने गार राहते, त्याच कारणाने हिरवळ गार राहते. प्लास्टिकच्या पात्याजवळ ही युक्ती नाही. ते ऊन घेते आणि तापत जाते. २००२ साली अमेरिकेतील यूटा राज्यातील ब्रिगहॅम यंग विद्यापीठाच्या मैदानावर मोजणी झाली, तेव्हा कृत्रिम गवताचा पृष्ठभाग डांबरापेक्षाही अधिक तापलेला आढळला. पाणी मारून तो ७९ अंश सेल्सिअसवरून २९ अंशांवर आणला, पण पाचच मिनिटांत तो ४९ अंशांवर आणि वीस मिनिटांत ७३ अंशांवर चढला. ते मैदान रबराचे दाणे घातलेले होते, आणि घरगुती गवतात बहुधा ते नसतात, हे खरे. म्हणून तेच आकडे जसेच्या तसे आपल्या अंगणास लावू नयेत. तरी ज्या प्रदेशात मे महिन्यात सावलीतील पारा ४४-४५ अंशांपर्यंत जातो, तेथे भर उन्हातील प्लास्टिक किती तापेल ह्याची कल्पना येण्यास एवढे पुरे आहे. मोठा मनुष्य चप्पल घालून जाईल. रांगते मूल आणि दाराशी बसणारे कुत्रे ह्यांनी काय करावे? शिवाय तापलेली जमीन रात्री भिंतींना ऊब देत राहते, ती वेगळीच.

दुसरी गोष्ट खालच्या मातीची. आपल्याकडची काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर नुसतेच गवत अंथरले तर एका वर्षात त्यात उंचवटे आणि खळगे दिसू लागतात. म्हणून जाणते कारागीर माती काढून मुरूम व गिट्टी भरतात आणि ठोकून घट्ट करतात. पुष्कळदा सरळ सिमेंटचा थरच घालतात. सिमेंट घातले की पाऊस जमिनीत न मुरता नालीकडे धावतो. वीस बाय दहा फुटांच्या जागेवर १० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे १८५ लिटर पाणी असे वाहून जाते. आणि आपल्याकडे श्रावणात एका दुपारीच ह्याहून किती अधिक पडतो! म्हणजे उन्हाळ्यात वाचविलेले पाणी आपण पावसाळ्यात गमावतो. गांडुळे दडपलेल्या, झाकलेल्या मातीत राहत नाहीत. गांडुळे व किडे नाहीत म्हणून चोच खुपसून फिरणारा हुदहुद्या नाही, आणि गवताचे बी नाही म्हणून मुनियांचा थवा नाही. ह्याचा हिशोब लिटरांत होत नाही, एवढेच.

तिसरी गोष्ट त्याच्या शेवटाची. उन्हात प्लास्टिक ठिसूळ होते, पाती तुटतात आणि त्यांचे तुकडे वाऱ्यापावसाने माती-नालीत जातात. दिवाळीत एक फुलबाजी त्यावर पडली तर काळा डाग कायमचा. आठ-दहा वर्षांनी तो गालिचा उचलून टाकावा लागतो, आणि पाती, पाठ व लेप ही वेगवेगळ्या जातींची द्रव्ये एकमेकांस घट्ट चिकटविलेली असल्याने त्यांचे पुन्हा काही बनविणे कठीण जाते. युरोपीय संघाने २०२३ साली प्लास्टिकच्या सूक्ष्म कणांवर निर्बंध घालताना मैदानांवर भरण्याच्या दाण्यांनाही त्यात घेतले आणि बदलासाठी आठ वर्षांची मुदत दिली. बागकामात जगभर मान असलेल्या इंग्लंडच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०२२ साली चेल्सी येथील आपल्या प्रसिद्ध पुष्पप्रदर्शनातून कृत्रिम गवतास वर्ज्य केले. आपल्या घराच्या निर्णयासाठी इंग्लंडकडे पाहावे असे आमचे म्हणणे नाही. पण ज्यांच्याकडून आपण हिरवळीची हौस घेतली, त्यांचे मत ह्या बाबतीत कळलेले बरे.

हौस घेतली असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कातरलेली मोकळी हिरवळ हा आपल्या घराचा मूळ भाग नव्हे. नागपूरकडे 'लॉन' म्हटले की लोकांच्या डोळ्यांपुढे लग्नाची जागाच उभी राहते. आपले होते ते अंगण : सडा-सारवणाचे, तुळशीचे, वाळवणाचे. आम्ही कोकणी बोलणाऱ्या घरातले. तिकडे पावसाने धुऊन गेलेले खळे, म्हणजे घरापुढील अंगण, पाऊस सरल्यावर दरवर्षी नव्याने ठोकून शेणाने सारवितात, आणि दरवर्षी नवे करावे लागते म्हणून कोणी त्यास अडचण मानीत नाही. बारा महिने हिरवे दिसलेच पाहिजे हा आग्रह सोडला, तर निम्मा प्रश्न तेथेच सुटतो.

मग कृत्रिम गवत कोठेच नको काय? तसे नाही. गच्चीचा सावलीतला कोपरा, छताखालचा ओटा, शहरातील सदनिकेची अरुंद गॅलरी, जेथे माती नाही किंवा ऊन नाही, तेथे ते खुशाल अंथरावे. ॲस्ट्रोडोमची अडचण तेथे खरोखरच आहे. पण जेथे माती आहे आणि ऊन आहे, तेथे आपल्या भागात एक गवत न बोलावताही येते. ते म्हणजे हरळी.

संत्र्याच्या बगीच्यात शेतकरी जिच्या नावाने कपाळाला हात लावतो आणि जिच्या मुळ्या खणूनखणून बांधावर फेकतो, तीच ही हरळी. गणपतीला वाहावयाच्या दूर्वा त्या हिच्याच. परदेशांत हिलाच बर्म्युडा गवत म्हणतात आणि क्रीडांगणांसाठी, गोल्फच्या मैदानांसाठी हिच्या निवडक जाती मुद्दाम तयार करतात. बांधावर फुकट पडलेली वनस्पती सोडून तिची प्लास्टिकची नक्कल पैसे मोजून आणण्यात थोडी गंमत आहे खरी! तिला भरपूर ऊन आवडते. पाणी तुटले की ती पिवळी पडते, पण मरत नाही. जमिनीखालच्या मुळ्यांत जीव धरून बसते आणि पहिल्या पावसाने पुन्हा फुटते. म्हणून सात हजार लिटरांचा तो हिशोब हरळीच्या बाबतीत टाळता येतो. मे महिन्यात तिला पिवळी होऊ द्यावयाचे, एवढे मन मात्र घट्ट करावे लागते. दाट सावलीत ती वाढत नाही. निंबाखाली किंवा आंब्याखाली ती लावण्याचा खटाटोप करू नये, तेथे नुसती झाडलेली जमीनच शोभते.

लावण्याची रीत सोपी आहे. मृग लागण्याच्या सुमारास जागा वीतभर खोल खणावी, दगड व जुने तण वेचून काढावे, कुजलेले शेणखत मिसळून जमीन सारखी करावी आणि पाणी एका बाजूस निघून जाईल असा किंचित उतार ठेवावा. बांधावरच्या हरळीचे दोन-तीन गाठींचे तुकडे करून चार ते सहा इंचांवर ओल्या जमिनीत खोचावेत, एक गाठ वर राहील असे. पाऊस नीट झाला तर दीड-दोन महिन्यांत जमीन झाकली जाते. पहिली कापणी विळ्याने करावी; निघालेले गवत शेळीला घालता येते. फुलांच्या वाफ्याकडील बाजूस मात्र विटांची एक उभी रांग जमिनीत वीतभर खोल पुरून घ्यावी, नाही तर हरळी गुलाबाच्या आळ्यात शिरल्यावाचून राहत नाही.