सीताबर्डीचा दगड, चंद्राचे डाग

सीताबर्डीची टेकडी नागपूरकरांना लढाईमुळे ठाऊक असते. २६ नोव्हेंबर १८१७ च्या संध्याकाळी आप्पासाहेब भोसल्यांची फौज आणि इंग्रज इथे भिडले. त्रिपुरी पौर्णिमा दोन-तीन दिवसांपूर्वीच झाली होती. म्हणजे लढाईला तोंड फुटले तेव्हा काळोख आणि पुढे रात्रभर चांदणे, असा तिथीचा हिशेब निघतो. पण चंद्राशी या टेकडीचे खरे नाते आहे ते तिच्या काळ्या दगडातून.

हिस्लॉप कॉलेज ज्यांच्या नावाने आहे ते मिशनरी स्टीफन हिस्लॉप हौशी भूवैज्ञानिक होते. रॉबर्ट हंटर यांच्यासह त्यांनी १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या खडकांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यात ही टेकडीही आहे. दख्खनचा लाव्हा पूर्वेकडे जिथवर पोचला, त्याची कड नागपुरातूनच जाते. पश्चिमेला काळा बेसाल्ट, पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक. चंद्रावर ज्या डागांत आपण ससा पाहतो, तेही बेसाल्टच. अपोलो ११ च्या अंतराळवीरांनी जुलै १९६९ मध्ये अशाच एका डागावर उतरून साडेएकवीस किलो दगडमाती आणली, तेव्हा तो बेसाल्ट हाती लागला. आपला लाव्हा साधारण साडेसहा कोटी वर्षांचा, तिथला साडेतीन अब्जांच्या पलीकडचा. त्या चांद्रदगडांत टायटॅनियम भरपूर आणि पाण्याचा जवळजवळ मागमूस नाही.

चंद्राचे काळेपण विदर्भाने आणखी एका रूपात पाहिले. २२ जानेवारी १८९८, पौष अमावास्या. खग्रास सूर्यग्रहणाची सावली कोकणातून वर सरकत पुलगाव-धामणगावच्या पट्ट्यावरून गेली. ग्रहणाच्या निरीक्षणासाठी कॅप्टन हिल्स आणि न्यूऑल पुलगावला, कोपलँड नागपूरजवळच्या घोगलीला आणि मुंबई रेल्वेमार्गावरच्या तळणीत मॉन्डर दांपत्य दुर्बिणी लावून बसले होते. ॲनी मॉन्डर यांनी छोट्याशा कॅमेऱ्याने सूर्याच्या प्रभामंडलाचा जो लांबलचक झोत टिपला, तेवढा लांब तोवर कुणाच्याच छायाचित्रात आला नव्हता.

आज सीताबर्डीच्या व्हरायटी चौकाच्या झगमगाटात तारे हरवतात, चंद्र हरवत नाही. मात्र कोजागरीला दुर्बीण लावण्यात अर्थ नाही. तेव्हा ऊन समोरून पडते, सावल्या नाहीशा होतात आणि विवरे सपाट दिसतात. दूध प्यावे आणि दुर्बीण शुद्ध अष्टमीसाठी राखून ठेवावी. उजेड-अंधाराच्या सीमेवर डोंगरकडांच्या लांब सावल्या साध्या दुर्बिणीतूनही स्पष्ट दिसतात.

चंद्राच्या ध्रुवांजवळच्या काही विवरांच्या तळाशी तर सावली कधी हलतच नाही. २००८ च्या दिवाळीच्या तोंडावर निघालेल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणाने पाण्याच्या खुणा दिल्या. त्याच नोंदींतून पुढे २०१८ मध्ये या विवरांतले बर्फ दाखवता आले. २३ ऑगस्ट २०२३ ला चांद्रयान-३ उतरले, ते ‘दक्षिण ध्रुवावर’ असे आपण सर्रास म्हणतो. प्रत्यक्षात ध्रुव तिथून सहाशे किलोमीटरहून लांब आहे. कौतुक त्याने कमी होत नाही. त्याच्या प्रज्ञान या बग्गीने सुमारे शंभर मीटरच्या वाटेवर तेवीस ठिकाणी माती तपासली. ती काळ्या बेसाल्टची निघाली नाही, तर चंद्राच्या फिक्या उंच प्रदेशांतल्या ॲनॉर्थोसाइटची निघाली. कोवळा चंद्र म्हणजे वितळलेल्या खडकाचा महासागर होता आणि हलकी खनिजे साईसारखी वर आली, या कल्पनेला त्यामुळे बळ मिळाले.

विवर पायांनी उतरून पाहायचे असेल तर बुलढाणा जिल्ह्यातले लोणार गाठावे. बेसाल्टमध्ये उल्काघाताने झालेले, इतके नीट टिकलेले साधे विवर पृथ्वीवर दुसरे नाही. व्यास सुमारे एक किलोमीटर आठशे मीटर. कित्येक वर्षे त्याला ज्वालामुखीचे तोंड समजत. अपोलो मोहिमा संपत आल्या, त्याच सुमारास अमेरिकी आणि भारतीय भूवैज्ञानिकांनी तळ्यात भोके पाडली. खालच्या खडकात मास्केलिनाइट सापडले. प्रचंड धक्क्याने फेल्डस्पार न वितळताच काचेसारखा होतो, त्याचे हे नाव. उल्कांत आणि चंद्राच्या दगडांतही ते आढळते. फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा निबंध १९७३ मध्ये ‘सायन्स’मध्ये आला आणि वाद मिटला.

वयाचा वाद मात्र उरला. एका पद्धतीने लोणार बावन्न हजार वर्षांचे, तर २०११ मधल्या आर्गॉन-मापनाने पाच लाख सत्तर हजारांचे. दगड हातात असताना दहापटीचा फरक! चंद्रावर बहुतेक ठिकाणी तोही हातात नसतो. विवरे मोजून प्रदेशाचे वय ठरवतात आणि त्या मोजणीची पट्टी अपोलोच्या नमुन्यांवरून पाडलेली आहे. चीनच्या चांग-ए ५ ने २०२० मध्ये आणलेला बेसाल्ट फक्त दोन अब्ज वर्षांचा निघाला, तेव्हा त्या पट्टीतला मोठा रिकामा टप्पा भरला. चंद्राचा लाव्हा इतक्या उशिरापर्यंत कशाने तापलेला राहिला, हा नवा प्रश्न त्यातून आला. नमुने घेऊन परतणाऱ्या चांद्रयान-४ ला सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी मिळाली आहे.