गीतास्वादात शब्द आणि चाल : एक भाषावैज्ञानिक विचार

गीताचा आनंद शब्दांमुळे होतो की चालीमुळे, हा वाद मराठी रसिकांना अपरिचित नाही. एका पक्षाचे म्हणणे असे की, अर्थ कळला नाही तर गाणे आणि वाद्यवादन यांत भेद तो काय राहिला? दुसरा पक्ष म्हणतो की, चाल काढून घेतली म्हणजे उरते ती कविता. तिला गीत म्हणण्याचे कारण नाही. दोन्ही विधाने आपापल्या परीने खरी आहेत, आणि म्हणूनच त्यांच्यामधून निर्णय निघत नाही. मात्र ध्वनीच्या पातळीवर शब्द आणि चाल नेमक्या कोणत्या गोष्टीवर हक्क सांगतात, हे तपासले असता वादाचे स्वरूप बदलते. ती तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रारंभी एका संज्ञेचा खुलासा आवश्यक आहे. मराठीत ‘स्वर’ हा शब्द व्याकरण आणि संगीत या दोन्ही शास्त्रांत निरनिराळ्या अर्थांनी वापरला जातो. घोटाळा टाळण्यासाठी येथे व्याकरणातील स्वराला ‘स्वरवर्ण’ म्हटले आहे. नुसता ‘स्वर’ हा शब्द संगीतातील स्वराकरिता राखून ठेवला आहे.

१. धातु आणि मातु

हा प्रश्न आपल्याकडे फार जुना आहे. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादव राजा सिंघणाच्या आश्रयास असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला. त्यात गीतातील शब्दभागाला ‘मातु’ आणि गेय भागाला ‘धातु’ अशी नावे असून, दोहोंची रचना करणारा तो ‘वाग्गेयकार’ असे म्हटले आहे. पुढे वाग्गेयकारांची प्रतवारी येते. उत्तम वाग्गेयकाराच्या अंगी व्याकरण, कोश, छंद, अलंकार, रस यांच्या ज्ञानाबरोबर स्वर व ताल यांवरील प्रभुत्वही असले पाहिजे. ज्याचा धातु चांगला पण मातु मंद, तो मध्यम. आणि ज्याचा मातु रम्य पण धातु मंद, तो अधम. तराजूचे पारडे कोणीकडे झुकते हे यावरून स्पष्ट आहे.

तथापि, या प्रतवारीचा आधार घेऊन स्वरपक्षाने विजय घोषित करणे घाईचे होईल. ती संगीतशास्त्राच्या ग्रंथातील असून रचनाकाराची आहे, श्रोत्याच्या आनंदाची नाही. शिवाय दुसऱ्याच्या धातूवर मातु बांधणाऱ्यास शार्ङ्गदेव ‘कुट्टिकार’ असे निराळे नाव देतो. मराठी रंगभूमीचा इतिहास पाहता या कुट्टिकाराने फार मोठे यश मिळविलेले दिसते. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ (१८८०) व ‘सौभद्र’ (१८८२) या नाटकांपासून पदाच्या माथ्यावर एखाद्या परिचित गीताचा निर्देश करून ‘चाल’ छापण्याची पद्धत रूढ झाली. म्हणजे साचा आधीचा आणि शब्द नंतरचे. ‘मानापमान’ (१९११) व ‘स्वयंवर’ (१९१६) या खाडिलकरांच्या नाटकांना अनुक्रमे गोविंदराव टेंबे व भास्करबुवा बखले यांच्या चाली लाभल्या आणि पदे रागसंगीताच्या आणखी निकट गेली. उलट ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांचे ‘गीतरामायण’ १९५५–५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून वर्षभर प्रसारित झाले, त्यात छप्पन गीतांचे शब्द प्रथम लिहिले गेले आणि चाली मागून आल्या. रसिकांनी दोन्ही प्रकार सारख्याच प्रेमाने स्वीकारले. तेव्हा आधी काय रचले गेले, यावरून आस्वादात काय श्रेष्ठ हे ठरत नाही.

२. शब्द आणि चाल यांची समाईक मालमत्ता

बोलणाऱ्याच्या आवाजात उच्चनीचता असते, वर्णांची लांबी असते आणि विराम असतो. या तीनही गोष्टी भाषेला अर्थासाठी लागतात. चालीलाही नेमक्या याच तीन गोष्टी हव्या असतात. गीतातील खरा संघर्ष येथे आहे.

उच्चनीचतेचा विचार प्रथम करू. ‘तो आला’ हे विधान आणि ‘तो आला?’ हा प्रश्न यांतील फरक मराठीत केवळ आवाजाच्या चढउताराने दाखविता येतो. गाताना मात्र हा चढउतार चालीच्या ताब्यात जातो. ओळीचा शेवट षड्जावर येत असेल तर प्रश्नही षड्जावरच विसावणार. मग प्रश्न हा प्रश्न म्हणून ओळखला जावा कसा? मराठी गीतांत ‘का’, ‘ना’, ‘रे’, ‘ग’, ‘बाई’ अशा अव्ययांची व संबोधनांची जी रेलचेल आढळते, तिच्याकडे या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ती केवळ मात्रा भरण्यासाठी येतात असे नाही. चालीने हिरावून घेतलेला बोलण्याचा सूर ती शब्दरूपाने परत आणतात.

ज्या भाषांत शब्दाचा अर्थच आवाजाच्या पातळीवर अवलंबून असतो, तेथे हा पेच अधिक तीव्र होतो. कँटनीज भाषेत सुरांचे सहा भेद मानले जातात. त्यामुळे तेथील गीतकाराला चालीच्या प्रत्येक चढउताराशी जुळणारा सूर असलेलाच शब्द शोधावा लागतो. अन्यथा ऐकणाऱ्यास भलताच शब्द ऐकू येण्याचा संभव असतो. मराठीत अशी अडचण नाही.

लांबीच्या बाबतीतही मराठी सुदैवी आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ हा भेद लेखनात असला तरी प्रत्यक्ष उच्चारात इकार-उकारांची लांबी बहुधा शब्दातील स्थानावरून ठरते. ‘अ’ आणि ‘आ’ यांत तर लांबीइतकाच गुणाचाही भेद आहे. म्हणून गायकाने एखादा स्वरवर्ण चार मात्रांपर्यंत ताणला तरी शब्द सहसा बदलत नाही. ओवी-अभंगांसारख्या अक्षरछंदात लघुगुरूंचा भेद बाजूला ठेवून अक्षरे सारख्याच वजनाने उच्चारली जातात. माधवराव पटवर्धनांनी ‘छंदोरचने’त नोंदविलेली ही गोष्ट मराठीच्या या ध्वनिस्वभावाशी सुसंगत आहे.

विरामाचे तसे नाही. ‘जाऊ नको थांबू’ ही तीन शब्दांची ओळ घ्यावी. ‘नको’नंतर थांबल्यास ‘जाऊ नको, (येथेच) थांबू’ असा अर्थ होतो. ‘जाऊ’नंतर थांबल्यास ‘जाऊ, नको थांबू’ असा नेमका उलट अर्थ निघतो. आता चालीची सम जर ‘जाऊ’वर येऊन तेथे स्वर लांबला, तर कवीच्या मनात पहिला अर्थ असूनही श्रोत्याच्या पदरी दुसरा पडेल. चाल अर्थाला पोषक आहे की मारक, हे अशा ठिकाणी कसोटीस लागते. अनुभवी संगीतकार चाल बांधण्यापूर्वी कविता मोठ्याने वाचून पाहतो, त्याचे मर्मही यातच आहे.

याशिवाय एक भौतिक मर्यादा आहे. प्रत्येक स्वरवर्णाची ओळख मुखविवरातील अनुनादांवरून होते. ‘इ’ व ‘उ’ यांचा पहिला अनुनाद साधारण ३०० हर्ट्झच्या आसपास, तर ‘आ’चा ७०० हर्ट्झ किंवा त्याहून वर असतो. गायिकेचा स्वर या मर्यादेच्या बराच वर गेला म्हणजे स्वरवर्णांतील भेद पुसट होऊ लागतात आणि शब्द कानी पडूनही ओळखू येत नाहीत. तार सप्तकात शब्दांचा आग्रह सोडून गायन आकाराकडे वळते, त्यामागे सौंदर्यदृष्टीबरोबर हे कारणही असावे.

३. प्रयोगांची साक्ष

गेल्या चार दशकांत मानसशास्त्र व मज्जाविज्ञान यांनी या प्रश्नाकडे प्रयोगाच्या मार्गाने पाहिले आहे. मिरेल बेसाँ व सहकारी यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात संगीतज्ञांना फ्रेंच ऑपेरांतील ओळी साथीवाचून ऐकविल्या. काही ओळींचा शेवटचा शब्द अर्थाशी विसंगत होता, काहींचा शेवटचा स्वर बेसूर होता, तर काहींत दोन्ही दोष होते. अर्थाच्या विसंगतीला मेंदूने एका प्रकारचा विद्युत्प्रतिसाद दिला, बेसूर स्वराला दुसऱ्या प्रकारचा. दोन्ही दोष एकत्र आले तेव्हा प्रतिसादांची जणू बेरीज झाली. यावरून शब्द आणि स्वर यांचे आकलन परस्परांपासून स्वतंत्रपणे चालते, असा निष्कर्ष काढण्यात आला.

२०२० मध्ये फिलिप आल्बुई, रॉबर्ट झातोरे व सहकारी यांनी दहा वाक्ये व दहा चाली यांच्या संयोगातून शंभर गीतखंड तयार केले. ध्वनीतील कालिक तपशील पुसला असता शब्द ओळखेनासे झाले, पण चाल टिकली. कंप्रतेचा तपशील पुसला असता चाल हरवली, पण शब्द टिकले. पहिल्या प्रकारच्या तपशिलाशी मेंदूच्या डाव्या श्रवणकेंद्राचा, तर दुसऱ्याशी उजव्या केंद्राचा विशेष संबंध आढळला. एकाच कंठातून एकाच क्षणी निघालेला ध्वनी दोन निराळ्या वाटांनी ग्रहण केला जातो, असे या प्रयोगाने दाखविले.

परंतु ग्रहण दोन वाटांनी होत असले तरी स्मृतीत त्यांची गाठ पडते. सेराफिन, क्राउडर व रेप यांच्या १९८४ च्या प्रयोगात श्रोत्यांनी एकदा ऐकलेली चाल मूळ शब्दांसह चटकन ओळखली. तितक्याच परिचित, पण दुसऱ्या गीतातील शब्दांसह आली असता ती ओळखणे त्यांना कठीण गेले. वँडा वॉलेस यांनी १९९४ मध्ये असे दाखविले की, कडव्याकडव्यांतून तीच चाल पुनःपुन्हा ऐकावयास मिळाली तर गायिलेला मजकूर नुसत्या बोललेल्या मजकुरापेक्षा अधिक चांगला ध्यानात राहतो. तोंडपाठ असलेला अभंग चालीशिवाय म्हणू लागल्यास मध्येच अडखळावयास होते, हा सार्वत्रिक अनुभव येथे आठवावा.

भावनेविषयीचा पुरावा अधिक उद्बोधक आहे. अली व पेनिर्जिओलू यांच्या २००६ मधील अभ्यासात भावना जागविण्याच्या कामी शब्दांपेक्षा चालीचा प्रभाव अधिक आढळला. शब्दांची भर पडली असता आनंदी व शांत सुरावटींचा भावपरिणाम उणावला. दुःखी व संतप्त सुरावटींचा मात्र वाढला. याचा एक संभाव्य अर्थ असा की, आनंदाला कारण लागत नाही, दुःखाला लागते. चाल मनाची अवस्था निर्माण करते. ती अवस्था कोणासाठी व कशासाठी, हे शब्द सांगतात. करुण सुरावट ऐकून मन हळवे होते. त्या हळवेपणाला माहेरची वाट, गेलेले मूल किंवा न भेटलेला विठ्ठल असा विषय मिळाला म्हणजे त्याचे दुःखात रूपांतर होते. हे प्रयोग पाश्चात्त्य श्रोत्यांवर झालेले आहेत, ही त्यांची मर्यादा मात्र लक्षात ठेविली पाहिजे.

४. गीतप्रकारांचा क्रम

वरील विवेचनाच्या प्रकाशात आपले गीतप्रकार एका ओळीत मांडता येतात. एका टोकाला तराणा आहे. त्यातील बोल निरर्थक, तरीही आनंद पूर्ण. त्याच्या शेजारी ख्याल : चारदोन ओळींची बंदिश अर्धा तास विस्तारली जाते, तेथे शब्द असतात, पण मुख्यतः स्वर व लय यांना आधार म्हणून. पुढे ठुमरी, जिच्यात एकच बोल निरनिराळ्या स्वरसंगतींनी गाऊन त्याचे नवे नवे अर्थ दाखविले जातात. मग नाट्यपद आणि भावगीत. दुसऱ्या टोकाला पोवाडा आणि जात्यावरची ओवी.

श्रोता या प्रत्येक प्रकाराशी एक अलिखित करार करूनच गाणे ऐकावयास बसतो. तराण्यात अर्थ नाही म्हणून कोणी रुसत नाही. पोवाड्यातील प्रसंग कळला नाही तर मात्र श्रोता तक्रार करतो. जो वाद ‘शब्द की चाल’ असा मांडला जातो, तो पुष्कळदा एका प्रकाराचा करार दुसऱ्या प्रकारावर लादल्यामुळे उत्पन्न झालेला असतो. नाट्यपदाच्या बाबतीत हा वाद सर्वाधिक रंगला यात नवल नाही. कारण नाटकाचा करार शब्दांचा आणि मैफलीचा करार स्वरांचा, आणि पद उभे दोहोंच्या सीमेवर.

५. ओवी आणि संकलकाचे उत्तरदायित्व

या प्रश्नाचे व्यावहारिक महत्त्व जात्यावरच्या ओवीच्या बाबतीत विशेष जाणवते. गी प्वातव्हँ व हेमा राईरकर यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील खेडोपाडीच्या स्त्रियांकडून एक लाखाहून अधिक ओव्या संकलित झाल्या. छापील पानावर त्या वाचू लागल्यास तेच शब्द, तीच संबोधने पुनःपुन्हा येताना दिसतात आणि वाचकास हा दोष वाटू शकतो. ओवी गळ्यावर ऐकली असता हीच पुनरावृत्ती निराळी भासते. चाल थोडक्या स्वरांची. ती जात्याच्या फेऱ्याबरोबर फिरते, एक तुकडा परत येतो तेवढ्या अवकाशात पुढची ओळ सुचते आणि दळणारी जोडीदारीण ती उचलून धरते. म्हणजे ज्या प्रकारात शब्द सर्वस्व मानावे, त्यातच चालीवाचून शब्दांची घडण समजत नाही.

पिठाच्या गिरण्या आल्या आणि घरोघरची जाती थांबली. जात्यासमोर बसून ओवी शिकलेली पिढी आता वृद्ध झाली आहे. अशा वेळी केवळ शब्द उतरवून घेणारे संकलन अर्धेच राहते; आणि केवळ चालीचे स्वरलेखन करून शब्दांच्या बोलीरूपाकडे दुर्लक्ष करणारे संकलनही तितकेच अपुरे ठरते. उच्चार, लांबविलेले स्वरवर्ण, विरामांची स्थाने, पालुपदाची जागा आणि चाल यांची नोंद एकत्र असेल, तरच त्या सामग्रीवरून उद्याच्या अभ्यासकास काही निश्चित बोलता येईल. हेच तत्त्व अभंगाच्या अध्यापनालाही लागू पडते. वर्गात अभंग वाचून त्याचा अर्थ सांगितला जातो, ते अवश्य करावे. परंतु तो गायिला जाताना कोठे थांबतो आणि कोणता शब्द घोळवितो, हे ऐकविल्यावाचून ते विवरण पूर्ण झाले असे म्हणता येणार नाही.

सारांश, शब्द आणि चाल यांच्या ग्रहणाच्या वाटा निराळ्या आहेत, परंतु आवाजाची उंची, लांबी आणि विराम ही सामग्री एकच आहे. भावनेचा रंग प्राधान्याने चाल देते. त्या भावनेचा विषय शब्द ठरवितात. या सामग्रीची वाटणी प्रत्येक गीतप्रकार आपल्या रीतीने करतो. म्हणून श्रेष्ठ कोण या प्रश्नाचे एकच उत्तर संभवत नाही. अमुक गीतात अमुक ठिकाणी चालीने शब्दाकडून काय घेतले आणि त्याच्या बदल्यात काय दिले, हा प्रश्न मात्र प्रत्येक वेळी विचारता येतो, आणि त्याचे उत्तर गीत कानांनी ऐकूनच शोधावे लागते.