नवरा-बायकोचं दुकान आणि घटस्फोट: वाटणी कशी करायची?

विषय नाजूक आहे, पण धंदा दोघांनी मिळून उभा केला असेल तर माहिती हवीच.

आधी एक गैरसमज. "घटस्फोट झाला की निम्मं-निम्मं" असा कायदा महाराष्ट्रात नाही. तो गोव्यात, पोर्तुगीज काळापासून. आपल्याकडे मुख्य प्रश्न असतो, मालमत्ता कोणाच्या नावावर आणि पैसा कोणाचा लागला? हिंदू विवाह कायद्याच्या कलम २७ मध्ये लग्नाच्या सुमारास दोघांना मिळून दिलेल्या वस्तू येतात. दहा वर्षांनी टाकलेलं दुकान त्यात बसवणं अवघड.

समजा, जिंतूरला दोघांचं कापड-शिलाईचं दुकान आहे. जीएसटी आणि उद्यम नोंदणी नवऱ्याच्या नावावर. शिलाई, पिको-फॉल, गिऱ्हाईक सगळं बायको बघते. सुरुवातीला तिचंच सोनं मोडलं होतं. ते सोनं स्त्रीधन, म्हणजे फक्त तिचं. सुप्रीम कोर्टाने १९८५ सालीच प्रतिभा राणी खटल्यात हे स्पष्ट केलंय. पण सोनाराची पावती आणि त्याच आठवड्यात खात्यात भरलेली रक्कम दाखवता आली तरच बोलायला जोर येतो. म्हणून ताई, पावत्या फेकू नका.

आता आकडे. एक तारीख ठरवा आणि त्या दिवसाचा हिशोब मांडा. माल ३ लाख, मशिनी आजच्या भावाने दीड लाख. उधारी वहीत १ लाख, पण येणार ६० हजारच (हे आपल्यालाही माहीत असतं!). झाले ५ लाख १० हजार. बँकेचं कर्ज २ लाख ४० हजार, व्यापाऱ्याचं देणं ७० हजार. उरले २ लाख. बोलणी या २ लाखांवर करायची, दुकान भरलेलं दिसतं त्यावर नाही.

आणि कर्ज! लोक इथेच फसतात. सहकर्जदार म्हणून सही असेल तर घटस्फोटानंतरही बँक तुमच्याकडेच येणार. "हप्ते तो भरेल" असं आपसातल्या कागदावर लिहिलं तरी बँकेला ते बांधील नाही. नाव काढल्याचं बँकेचं पत्र हातात घ्या. तोवर चालू खात्यावर दोघांच्या सह्या लागतील, असा अर्ज देऊन ठेवा.

समोरचा कमाई लपवतो? रजनेश विरुद्ध नेहा हा खटला नागपूरहून सुप्रीम कोर्टात गेला. ४ नोव्हेंबर २०२० च्या त्या निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, देणी प्रतिज्ञापत्रावर द्यावी लागतात.

परस्पर संमतीने होत असेल तर दुकानाचं नाव, पाटीवरचा मोबाईल नंबर, उधारीची वही कोणाकडे, हेही संमतीपत्रात लिहून घ्या. गिऱ्हाईक त्या नंबरावरच फोन करतं. मुस्लिम आणि इतर कुटुंबांना विवाहाचा कायदा वेगळा लागतो, पण बँकेचा नियम सगळ्यांना सारखाच. सही करण्याआधी मसुदा वकिलाला आणि सीएला, दोघांनाही दाखवा.