मद्यग्रस्त घरातील आईचे अर्थशास्त्र

दिल्लीच्या पूर्वेला, यमुनेपलीकडे, 1976 मध्ये नोएडाची, म्हणजे नवीन ओखला औद्योगिक विकास प्राधिकरणाची, स्थापना झाली आणि संपादित शेतजमिनींवर कारखाने, कार्यालये व उंच निवासी इमारती उभ्या राहिल्या. शेते गेली, तरी हरौला, निठारी, भंगेल, ममूरा अशा गावांची जुनी वस्ती, जिला तेथे ‘आबादी’ म्हणतात, शहराच्या पोटात शिल्लक राहिली, आणि तिच्यातील भाड्याच्या एकेका खोलीत बिहार, बंगाल व पूर्व उत्तर प्रदेशातून आलेली कष्टकरी कुटुंबे राहू लागली. या कुटुंबांतील पुरुष बांधकामावर बेलदारी करतो, ई-रिक्षा चालवतो किंवा पहारेकऱ्याची नोकरी धरतो. स्त्री सोसायटीतील चार-पाच घरी केरफरशी व भांडी करते, नाहीतर तयार कपड्यांच्या कारखान्यात ‘धागाकटिंग’ करते, म्हणजे शिवलेल्या कपड्यांवरचे लोंबते धागे कापते. अशा घरातील पुरुषाला दारूचे व्यसन जडल्यावर संसार कशाच्या बळावर उभा राहतो, या प्रश्नाचे उत्तर समाज ‘आईचा त्याग’ या दोन शब्दांत देऊन मोकळा होतो. तो त्याग खरा आहे; परंतु त्यामागे पैशाची, वेळेची आणि माणसांची जी काटेकोर व्यवस्था ती माउली रोज लावत असते, ती या गौरवात झाकली जाते आणि तिला कोणती मदत हवी, हा प्रश्नही मागे पडतो.

व्यसनाची व्याप्ती केंद्र सरकारच्या 2019 च्या राष्ट्रीय सर्वेक्षणातून दिसते. त्यानुसार देशात 10 ते 75 वयोगटातील सुमारे 16 कोटी लोक मद्य घेतात, आणि त्यांपैकी 5 कोटींहून अधिक लोकांचे पिणे अपायकारक किंवा व्यसनाच्या पातळीचे, म्हणजेच मदतीची गरज असलेले, आहे. पुरुषांतील प्रमाण 27.3 टक्के, तर स्त्रियांतील अवघे 1.6 टक्के असल्याने पिणारा बहुतांशी पुरुष आणि निस्तरणारी स्त्री, अशी विभागणी घरोघरी होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (2019-21), ज्यांचे पती वारंवार धुंद होतात अशा स्त्रियांपैकी सुमारे 70 टक्के जणींनी पतीकडून शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसल्याचे सांगितले. पती न पिणाऱ्या स्त्रियांत हे प्रमाण 23 टक्के होते. घर चालवण्याचे कसब आणि जीव सांभाळण्याची धास्ती ही दोन्ही ओझी त्यामुळे एकाच खांद्यावर येतात.

दारूने होणारे नुकसान बाटलीच्या किमतीपुरते नसते. रात्री प्यालेला मजूर सकाळी नाक्यावर उशिरा पोहोचतो, त्याचा रोज बुडतो, मुकादम पुढच्या वेळी दुसऱ्याला बोलावतो, मग उधारी वाढते आणि आजारपण आले की ती फेडण्याचा मार्गही बंद होतो. अर्थशास्त्रज्ञ फ्रँक शिलबाख यांनी चेन्नईच्या सायकलरिक्षाचालकांवर केलेल्या आणि 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, शुद्धीत राहण्यासाठी पैशाचे प्रोत्साहन मिळालेल्या चालकांची बचत लक्षणीय वाढली. उद्यासाठी पैसा राखण्याची शक्तीच दारू क्षीण करते, याचा हा पुरावा होय. दिवसभर ओझी वाहणारा माणूस अंगदुखी विसरण्यासाठी पितो, ही बाजूही नाकारता येत नाही. मात्र त्या विसरण्याची किंमत घरातील बाकीची माणसे मोजतात.

या परिस्थितीत आईचे पहिले काम पैसा घरापासून दूर ठेवणे हे असते, कारण घरात दिसणारा पैसा संध्याकाळपर्यंत ठेक्यावर, म्हणजे सरकारमान्य दारूदुकानात, पोहोचण्याची भीती असते. दिल्लीतील झोपडपट्ट्यांसह तीन देशांतील गरीब कुटुंबांच्या जमाखर्चाच्या दैनंदिन्यांवर आधारलेल्या ‘पोर्टफोलिओज ऑफ द पुअर’ (2009) या ग्रंथाने, अशी घरे एकाच वेळी अनेक मार्गांनी बचत, उसनवारी आणि ठेव करतात, हे दाखवून दिले. विश्वासू शेजारणीकडे किंवा मालकिणीकडेच पगारातील काही रक्कम ठेवून घेण्यास सांगणे, हा त्यांतील एक मार्ग; ज्याला नोएडात ‘कमेटी’ आणि मराठीत भिशी म्हणतात, तो दुसरा. दहा जणींनी दरमहा प्रत्येकी 1000 रुपये घातले, तर प्रत्येक महिन्यात एकीच्या हाती 10,000 रुपये पडतात, आणि ती रक्कम फी, खोलीचे आगाऊ भाडे किंवा शिलाईयंत्र यांसाठी तत्काळ वापरली जाते. पगार हाती येताच तांदूळ, पीठ व तेल भरून ठेवणे आणि फी आधी भरून टाकणे यामागेही हाच विचार असतो: पैशाचे रूपांतर पिता न येणाऱ्या वस्तूत करणे. 2013 च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने शिधापत्रिकेसाठी घरातील 18 वर्षांवरील सर्वांत ज्येष्ठ स्त्रीलाच कुटुंबप्रमुख ठरवले आहे. ही तरतूद म्हणजे घर प्रत्यक्षात कोण चालवते, याची कायद्याने घेतलेली दखल आहे.

मात्र या कौशल्याला एक अवघड मर्यादा आहे. पतीची उधारी गुपचूप फेडणे, त्याच्या गैरहजेरीसाठी ठेकेदाराला खोटी कारणे सांगणे, नातेवाइकांपुढे सारे झाकणे, अशा रीतीने पांघरूण घातले की घराची अब्रू वाचते, पण व्यसनाचे परिणाम व्यसनी माणसापर्यंत पोहोचत नाहीत आणि आजार लांबतो. पत्नीला दोष द्यावा, असा याचा अर्थ नव्हे. व्यसन हा तिने निर्माण केलेला आजार नाही आणि तो बरा करणेही तिच्या एकटीच्या हाती नाही, एवढे तिला कोणीतरी सांगायला हवे. याच जाणिवेतून अमेरिकेत 1951 मध्ये मद्यपींच्या कुटुंबीयांसाठी ‘अल-अ‍ॅनॉन’ हे परस्परसाहाय्य गट उभे राहिले, आणि पुण्यात डॉ. अनिता व अनिल अवचट यांनी 1986 मध्ये सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राने व्यसनी पुरुषांच्या पत्नींसाठी ‘सहचरी’ हा गट चालवला. आपले दुःख उघडपणे बोलणारी दुसरी स्त्री समोर दिसली, की लाजेचा विळखा सैल होतो.

उपचाराची दारे नोएडाजवळही आहेत. अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेचे राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्र शेजारच्या गाझियाबादेत आहे, आणि 14446 या निःशुल्क क्रमांकावर प्राथमिक सल्ला मिळतो. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम सोडल्यास झटके किंवा भ्रम येऊन जिवाला धोका होऊ शकतो, म्हणून ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडावी. तरीही वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणानुसार मद्याच्या व्यसनाधीन 38 व्यक्तींपैकी सरासरी एकालाच काही उपचार मिळाला होता. मारहाण होत असल्यास 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्यानुसार स्त्रीला संरक्षणाचा आदेश, पोटगीसारखे आर्थिक साहाय्य आणि राहत्या घरात, मग ते भाड्याचे असले तरी, राहण्याचा हक्क मागता येतो. त्यासाठी 181 ही महिला मदतवाहिनी आहे.

हा हक्क, हा उपचार आणि ही भिशी, यांपैकी एकही दुसऱ्याची जागा घेत नाही. आईने घर धरून ठेवले म्हणून उपचारकेंद्रांची गरज संपत नाही. उलट तिच्या धरून ठेवण्यामुळेच उपचाराला वेळ मिळतो. तो वेळ वाया जाऊ लागला, की तिचा भार बहुधा थोरल्या मुलीवर सरकतो. ती शाळा सोडून आईबरोबर कामाला जाऊ लागते आणि एका पिढीचे कर्ज पुढची पिढी फेडू लागते. म्हणून अशा आईला समाजाने द्यायची गोष्ट म्हणजे वेळेवर मिळणारा पुरेसा पगार, तिच्या नावावरचे खाते, पतीसाठी परवडणारा उपचार आणि तिच्या मुलीसाठी सुटता कामा नये अशी शाळा. यांतून तिची व्यवस्था एकटीने पेलण्याची कसरत उरणार नाही.