अब्रू कोणाची गेली?

मंडळी, मालवणच्या बंदरावर उभे राहिले की समोर सिंधुदुर्ग दिसतो. १६६४ साली शिवाजी महाराजांनी तो बांधायला घेतला. परमुलखात गेलात तरी बायकापोरांना धरायचे नाही, असा त्यांच्या फौजेचा नियम सभासदाच्या बखरीत आहे. खाफीखान तर मोगलांकडचा, महाराजांची निंदा करणारा. पण हा हुकूम त्यानेही नोंदवला आहे. असा हुकूम पाळला जातो तो वरच्याच्या धाकाने.

जगात काय झाले? लढाईत स्त्रियांना बलात्कारापासून संरक्षण द्यावे, असे कलम १९४९ च्या जिनिव्हा करारात आले. पण नुसत्या कलमाला कोण भितो? आफ्रिकेतल्या रुवांडात १९९४ साली तुत्सी लोकांची कत्तल झाली. तिथे अकायेसू नावाचा एका भागाचा प्रमुखच चिथावणी देत होता. त्याच्यावरच्या पहिल्या आरोपपत्रात बलात्काराचे नावही नव्हते. साक्षीला आलेल्या बायका बोलल्या, म्हणून १९९७ साली तो आरोप जोडला गेला. २ सप्टेंबर १९९८ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या न्यायालयाने त्याला दोषी ठरवले. एखादा समाज नष्ट करण्यासाठी केलेला बलात्कार हाही वंशसंहारच, हे तेव्हा प्रथम ठरले. न्यायाधीशांत भारतीय वंशाच्या नवी पिल्ले होत्या.

आपण मात्र सहज म्हणतो, 'बाईची अब्रू गेली.' हे बोलणेच तिला गप्प बसवते. शिक्षकहो, वर्गात एवढे सांगा: अब्रू जाते ती करणाऱ्याची. आणि बोलायला धजलेल्या बाईचे गावाने आधी ऐकून घ्यावे. नाहीतर न्यायालयापुढे काही येतच नाही.